मुलाचें वय आणि मुलाची वाढ

मराठवाड्यांतील जुन्या शाळांचीं दाखल-बुकें उघडून पाहिलीं, तर जन्मतारखेच्या रकान्यांत पुनःपुन्हां '१ जून' असें लिहिलेलें आढळतें. गांवांतील इतकीं मुलें एकाच दिवशीं जन्मास आलीं, असा त्याचा अर्थ नव्हे. जूनमध्यें शाळा उघडे. बाप मुलाला हातीं धरून आणी. तारीख विचारली तर "दुष्काळाच्या सालचा" एवढेंच उत्तर मिळे. आणि मास्तर सोयीची तारीख लिहून मोकळे होत. व्यवहारांत त्यानें फारसें अडलें नाहीं. बालसंगोपनाचें शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनीला मात्र असा ढिलेपणा परवडणारा नाहीं. मुलाच्या वाढीविषयीं शास्त्राला कांहींही विचारा, त्याचा उलट प्रश्न एकच असतो : मूल नेमकें किती महिन्यांचें आहे ?

'नेमकें' या शब्दावर एवढा जोर कां, तें एका उदाहरणावरून ध्यानांत येईल. समजा, एका मुलीची उंची ७९ सेंटिमीटर आहे. ती दीड वर्षाची असेल तर काळजीचें कारण नाहीं. त्या वयाच्या मुलींची सरासरी उंची ८१ सेंटिमीटरच्या आसपास असते. पण तीच मुलगी दोन वर्षांची असेल, तर तिची वाढ खुंटली आहे असेंच म्हणावें लागतें. कारण जागतिक आरोग्य संघटनेनें २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रमाणांनुसार त्या वयाची सरासरी ८६ असून खालची मर्यादा ८० च्या जवळपास आहे. मुलगी तीच, पट्टी तीच. फरक काय तो सहा महिन्यांचा.

आणि हा फरक डोळ्यांना दिसत नाहीं, हीच खरी अडचण आहे. रोडावलेलें मूल कोणालाही ओळखतां येतें. त्याच्या बरगड्या मोजतां येतात, मांडीची कातडी सैल लोंबते. उंची खुंटलेलें मूल असें नसतें. तें हंसतें, खेळतें, बांध्यानें प्रमाणशीर असतें. आपल्याहून सहा महिन्यांनीं लहान अशा निरोगी मुलासारखें दिसतें. शेजारीण म्हणते, "चणच बारीक आहे हो, आजीच्या वळणावर गेली आहे," आणि विषय तेथेंच संपतो.

आजीचा हा आधार कितपत खरा, हें पाहण्यासारखें आहे. उपर्युक्त प्रमाणें ठरविण्यासाठीं १९९७ ते २००३ या काळांत ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील मुलांचीं मापें घेण्यांत आलीं. भारतांतील मुलें दिल्लीचीं होतीं. आईचें दूध मिळालेलीं आणि खाण्यापिण्याची ददात नसलेल्या घरांतलीं मुलें मुद्दाम निवडलीं होतीं. या साऱ्यांची उंची पांच वर्षांपर्यंत जवळजवळ सारखीच वाढत गेली. एका घरांत उंच आणि ठेंगणीं मुलें असावयाचींच. परंतु गांवचीं बहुतेक मुलें ठेंगणीं राहिलीं, तर दोष रक्ताच्या माथीं मारतां येत नाहीं. शिवाय ज्या आजीचें नांव पुढें केलें जातें, तिचें स्वतःचें बाळपण १९७२ च्या दुष्काळांत सुकडीवर गेलेलें असूं शकतें, हें कोणी विचारांत घेत नाहीं.

आजच्या छत्रपती संभाजीनगराला, म्हणजे त्या वेळच्या औरंगाबादला, या प्रश्नाच्या इतिहासांत एक विशेष स्थान आहे. २००१ सालीं औरंगाबाद जिल्ह्यांतील भादली गांवीं कुपोषित बालकें दगावल्याच्या बातम्या आल्या व मोठा गवगवा झाला. पुढच्या वर्षीं विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांच्या पुढाकारानें मराठवाड्यांत लहान मुलांचें वजन घेऊन खरी स्थिती शोधण्याची मोहीम निघाली. तत्पूर्वीं कांहींच नव्हतें असें नाहीं. एकात्मिक बालविकास सेवा योजना १९७५ पासून चालूं होती, अंगणवाड्या होत्या. (अंगणवाडीची मूळ कल्पना ताराबाई मोडकांची, आजच्या पालघर जिल्ह्यांतील आदिवासी मुलें शाळेकडे येईनात, तेव्हां शाळाच त्यांच्या अंगणांत नेण्यांत आली.) उणीव होती ती प्रत्येक मूल तराजूवर येण्याची, आणि आरोग्य खातें व अंगणवाडी यांनीं एकमेकांशीं बोलण्याची. या प्रयत्नांतूनच २००५ सालीं राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन झालें आणि त्याचें कार्यालय औरंगाबादेंत ठेवण्यांत आलें.

पुढें मिशननें आपलें लक्ष गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या सुमारें एक हजार दिवसांवर केंद्रित केलें. त्याचें कारण उघड आहे. जन्मतः सुमारें ५० सेंटिमीटर असलेलें मूल वर्षाचें होईतों ७५ च्या घरांत जातें. इतक्या वेगानें तें जन्मांत पुन्हां कधींही वाढत नाहीं. याच काळांत जें राहून जातें, तें पुढें भरून काढणें फार कठीण जातें. महाराष्ट्रांत पांच वर्षांखालील मुलांपैकीं उंची खुंटलेल्यांचें प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्यें शेंकडा ४६ होतें, तें २०१५-१६ मध्यें ३४ वर आलें. हें यश लहान नव्हे. मात्र २०१९-२१ च्या पाहणींत तें ३५ आढळलें. म्हणजे उतरण थांबली.

आतां वय काढावयाचें कसें ? जन्मदाखला असेल तर प्रश्नच नाहीं. नसेल तर सणवारांचा आधार घ्यावा, पण डोळे उघडे ठेवून. "पोळ्याला झाला" असें आई सांगते. २०२२ सालीं पोळा ऑगस्टच्या अखेरीस आला होता. २०२३ सालीं अधिक श्रावण पडल्यामुळें तो सप्टेंबरच्या मध्यास गेला. तान्ह्या मुलाच्या बाबतींत तीन आठवड्यांची चूक लहान नसते. मूल दिवस भरण्यापूर्वीं जन्मलें असेल, तर जितके आठवडे आधीं आलें तितके दोन वर्षांपर्यंत वयांतून वजा करावे. उंची घेतांना दोन वर्षांखालील मुलाला निजवून व त्यावरील मुलाला उभें करून मापावें.

इतका काटेकोरपणा शिकल्यावर विद्यार्थिनी दुसऱ्या टोंकाला जाण्याचा संभव असतो. उंचीसाठीं महिना पाहणें निराळें आणि "अमुक महिन्यांत चाललेंच पाहिजे" असा हट्ट धरणें निराळें. त्याच सहा देशांच्या अभ्यासांत पांच देशांतील मुलांच्या हालचालींचीही नोंद झाली. कोणी आठव्या महिन्यांत एकटें चाललें, तर कोणी साडेसतराव्या महिन्यांत. आणि दोन्ही निरोगीच होतीं. शंभरांतील सुमारें चार मुलें तर रांगलींच नाहींत. चाळींतल्या दोन बाळांची तुलना करून एका आईची झोंप उडविण्यांत कांहीं अर्थ नाहीं. अठरा महिने उलटूनही पाऊल न टाकणारें, आवाजाकडे मान न वळविणारें, किंवा येत असलेली गोष्ट विसरूं लागलेलें मूल मात्र विनाविलंब डॉक्टरांना दाखवावें. यांतलें शेवटचें लक्षण सर्वांत गंभीर होय.

बोलण्याविषयीं या शहरांत एक शंका नेहमीं निघते. घरांत मराठी, गल्लींत दखनी उर्दू. मग मूल गोंधळून उशिरां बोलतें काय? तसें होत नाहीं. दोन्ही भाषांतले शब्द मिळून मोजावे. 'पाणी' आणि 'पानी' हे दोन्ही शब्द ज्याच्या त्याच्यापाशीं योग्य तऱ्हेनें वापरणारें मूल गोंधळलेलें नसून चांगलेंच हुशार असतें.

शाळेच्या वयांत वाढ संथ चालते आणि आईबापही निर्धास्त होतात. मग दहा-बारा वर्षांच्या सुमारास दुसरा वेग येतो. मुलींच्या ठिकाणीं तो मुलांपेक्षां सुमारें दोन वर्षें आधीं येतो, म्हणून सहावी-सातवीच्या वर्गांत मुली उंच आणि मुलगे पोरसवदा दिसतात. या वयांत जन्मतारीख जेवढी सांगते त्याहून अधिक लपविते. तेरा वर्षांचे दोन मुलगे शेजारीं बसले तर एकाला मिसरूड फुटलेलें आणि दुसरा निव्वळ बालक, असें सहज असूं शकतें. मोठा दिसणाऱ्याकडून समजूतदारपणाची अपेक्षा होते आणि तो ती पुरी करूं शकत नाहीं. कारण मनाला आवर घालणारा मेंदूचा भाग पंचविशीच्या आसपास पक्व होतो, आणि मिसरुडाला त्याची वाट पाहावी लागत नाहीं.

मुलीच्या बाबतींत हा घोटाळा अधिक भोंवतो. ऋतुप्राप्ति झाली कीं "पोर मोठी झाली" असें घरांत ठरतें. वस्तुतः त्यानंतरही तिची पांच-सात सेंटिमीटर उंची वाढावयाची असते, आणि कटिभागाचीं हाडें तर उंची थांबल्यावरही कांहीं काळ रुंदावत असतात. या अवस्थेंत तिला मूल झालें, तर दोन वाढत्या जीवांना एकाच ताटांतलें अन्न पुरवावें लागतें, आणि बाळ कमी वजनाचें जन्मण्याचा धोका वाढतो. मुलींचें विवाहवय कायद्यानें १९७८ सालीं अठरा केलें. तरीही २०१९-२१ च्या पाहणींत बीड जिल्ह्यांतील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा सुमारें ४४ जणींचें लग्न अठरा वर्षांच्या आंत झालेलें आढळलें.

यामागें केवळ रूढि आहे असें म्हणणें सोपें आहे, पण तें पुरेसें नाहीं. ऊसतोडीवर नवराबायको मिळून एक 'कोयता' धरला जातो आणि उचल त्या जोडीला मिळते. दिवाळीनंतर बिऱ्हाड कारखान्याकडे निघालें कीं वयांत येणारी मुलगी गांवीं कोणापाशीं ठेवावी, हा बापापुढें प्रश्न असतो. अशा मुलीचें अंगणवाडीचें कार्ड सहाव्या वर्षींच संपलेलें असतें. पुढें शाळेच्या पटावरून तिचें नांव कमी होतें. आणि त्यानंतर तिचें वजन कोणी घेतलें, तर तें बहुधा ती गरोदर म्हणून दवाखान्यांत येते तेव्हांच.