ग्रंथालयातील ओलाव्यावर पहारा

आमच्या ग्रंथालयात ‘प्रबुद्ध भारत’चे जुने अंक आहेत. हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांवर रेंगाळली की कागदावर बुरशी धरते. म्हणून आम्ही तेथे बिनतारी संवेदक बसविले. लोखंडी कपाटातून रेडिओलहरी बाहेर पडेनात, तेव्हा अंकच काचेच्या दारांच्या लाकडी कपाटात हलविले. दर १५ मिनिटांनी नोंद होते. संपर्क तुटला तरी ती संवेदकाच्या स्मृतीत राहते. आकड्याची खात्री घरच्या मिठाने होते : बंद डब्यात ओल्या मिठाशेजारी संवेदक रात्रभर ठेवावा, ७५ टक्क्यांच्या आसपास नोंद यावी. गजर प्रथम ६० वर लावला होता. पावसाळ्यात दार उघडताच तो वाजे. कंटाळून आम्हीच तो बंद केला आणि दोन अंक गमावले. आता मर्यादा सलग अर्धा तास ओलांडली गेली तरच तो वाजतो, अधीक्षकांच्या आणि आमच्याही मोबाईलवर.