लाइटबिलं वाजवणारा लॅपटॉप

मिरजेहून आत्याचा फोन आला तो तक्रारीच्याच सुरात. "अरे, लाइटबिलांचं फोल्डर उघडायला गेले की गाणी वाजवायचं ते तुझं यंत्र उघडतंय. बरं, उघडून काही वाजवत तरी असावं! नुसता आ वासून बसतंय."

आत्या गाणं शिकवते. तिच्या जुन्या लॅपटॉपवर मी लिनक्स बसवून दिलं, तेव्हापासून त्या लॅपटॉपचं जे काही बरंवाईट होतं ते माझ्या खात्यावर जमा होतं. डेस्कटॉपवर तिची चारच फोल्डरं: लाइटबिलं, पेन्शन, विद्यार्थी, तानपुरा. चारांपैकी कशावरही डबल क्लिक केलं की गाण्याचा प्लेअर हजर. लाइटबिलांच्या पीडीएफ तो काय वाजवणार? यादी रिकामी. गंमत म्हणजे फाइल मॅनेजर उघडून त्याच्या आतून त्याच फोल्डरवर क्लिक केलं, तर ते शहाण्यासारखं उघडत होतं. फोल्डर तेच, क्लिक तेच, आणि उत्तरं दोन.

व्हायरस नक्की नव्हता. पण काय होतं ते सांगायचं तर डबल क्लिकचा माग काढावा लागतो.

कुठलीही फाइल मुळात आकड्यांची रांग असते. ती कशाने उघडायची, हे त्या रांगेत लिहिलेलं नसतं. ते ठरतं बाहेर, एका नोंदवहीत. 'या जातीची फाइल आली की अमुक प्रोग्रॅमला हाक मारा' अशा ओळी त्या वहीत असतात. जमीन जागच्या जागी राहते आणि सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव चढतं, तसलाच हा मामला. फाइलमध्ये तिळभर फरक पडत नाही, वहिवाटदार बदलतो.

मग जात कशी ओळखायची? सगळ्यात सोपी खूण म्हणजे फाइलचं आडनाव, म्हणजे टिंबानंतरची अक्षरं. गॅरी किल्डॉल यांनी 1974 मध्ये लिहिलेल्या सीपी/एम या प्रणालीत नावाला 8 आणि आडनावाला 3 अक्षरं असत. तोच हिशोब पुढे डॉसने उचलला. चकतीवर ही 11 अक्षरं सलग लिहिलेली असत. मधलं टिंब साठवलंच जात नसे, ते फक्त पडद्यावर दाखवायला. आडनाव नसेल किंवा संशयास्पद असेल तर फाइलची सुरुवातीची अक्षरं वाचून बघता येतात. पीडीएफ फाइलच्या अगदी सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह आणि 'पीडीएफ' ही अक्षरं असतात. झिप फाइल 'पीके' या अक्षरांनी सुरू होते. ती तिचा कर्ता फिल कॅट्झ याची आद्याक्षरं.

फोल्डरचं काय? त्याला आडनाव नसतं. आपल्याला ते पिवळं पाकीट वाटतं, त्यात कागद कोंबलेत असं वाटतं, पण आत कागद वगैरे काही नसतं. सत्तरच्या दशकातल्या युनिक्समध्ये फोल्डर, तिथल्या भाषेत डिरेक्टरी, ही स्वतःच एक फाइल होती आणि ती उघडून वाचताही येई. आत 16-16 बाइटच्या ओळी: पहिल्या 2 बाइटमध्ये एक क्रमांक, उरलेल्या 14 मध्ये फाइलचं नाव. बस. म्हणून त्या काळी फाइलचं नाव 14 अक्षरांपेक्षा मोठं ठेवता येत नसे. तो क्रमांक म्हणजे 'आयनोड'. फाइल कुठे आहे, केवढी आहे, मालक कोण आणि ती साधी फाइल आहे की डिरेक्टरी, हे सगळं त्या क्रमांकाच्या नोंदीत असतं. फोल्डर म्हणजे शाळेच्या हजेरीपटासारखं. मुलं वर्गात, पटावर फक्त नावं आणि नंबर.

लिनक्स याच घराण्यातलं. त्यामुळे तिथे फोल्डर हीसुद्धा फाइलची एक जात, आणि जात म्हटली की नोंदवहीत तिची ओळ आलीच. जातींची नावं लिहायची पद्धत मात्र ईमेलकडून उसनी घेतलेली आहे. ईमेलमधून चित्रं, आवाज पाठवता यावेत म्हणून नॅथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी 1992 मध्ये 'माइम' नावाचं मानक मांडलं, त्यात प्रत्येक प्रकाराला जोडनाव असतं: इमेज/पीएनजी, टेक्स्ट/प्लेन वगैरे. त्याच धर्तीवर लिनक्सच्या डेस्कटॉपवाल्यांनी फोल्डरचं बारसं केलं, 'आयनोड/डिरेक्टरी'.

आता एखादा प्रोग्रॅम बसवला की तो आपल्यासोबत एक चिठ्ठी आणतो. मला काय काय उघडता येतं याची यादी त्या चिठ्ठीत असते. गाण्याचे प्लेअर, फोटो दाखवणारे, कोड लिहायचे एडिटर असे बरेच जण त्यात 'आयनोड/डिरेक्टरी' बेधडक लिहितात. त्यात खोटं काही नाही. प्लेअरला अख्खं फोल्डर दिलं की तो त्यातली गाणी ओळीने लावतो, एडिटरला दिलं की तो सगळा प्रकल्प उघडतो. पण उमेदवारी अर्ज भरणं वेगळं आणि खुर्चीवर बसणं वेगळं. खुर्चीवर याला बसवलं कुणी?

त्याआधी ते दोन उत्तरांचं कोडं. फाइल मॅनेजरच्या आत असताना फोल्डर उघडणं हा त्याचा घरचा कारभार, त्यासाठी तो वही बघत नाही. डेस्कटॉपवरची चिन्हं पूर्वी फाइल मॅनेजरच काढायचा. ग्नोम या डेस्कटॉपने 2018 मध्ये ते काम त्याच्याकडून काढून घेतलं आणि चिन्हं सांभाळायला वेगळे जोडप्रोग्रॅम आले. अशा परक्या माणसाला फोल्डर उघडायचं तर तो वहीत बघून मगच हाक मारणार.

आत्याच्या लॅपटॉपवरची ती वही म्हणजे एक साधी मजकुराची फाइल. फोनवर मी पत्ता सांगत गेलो, ती शोधत गेली. "सापडली. सगळं इंग्रजी आहे."

"आयनोडने सुरू होणारी ओळ बघ."

"आहे. आयनोड, तिरकी रेघ, डिरेक्टरी, बरोबरचं चिन्ह, आणि पुढे त्या गाणंवाल्याचं नाव." मग जरा थांबून म्हणाली, "अरे, परवा मीच काहीतरी केलं होतं का रे?"

केलं होतं. तानपुऱ्याच्या फोल्डरवर राइट क्लिक करून तिने प्लेअर निवडला होता आणि खाली 'नेहमी असंच' अशा अर्थाची एक चौकट दिसली तीही टिचकावली होती. तिचं म्हणणं साधं होतं, *हे* फोल्डर नेहमी वाजव. वहीत मात्र 'हे' लिहायला रकानाच नाही. तिथे फक्त जात लिहिता येते. संगणकाने तिचं वाक्य ऐकलं ते असं: फोल्डर म्हणून जे जे असेल, ते ते वाजव. फोनवर एखादी पीडीएफ उघडताना घाईत 'ऑलवेज' दाबणारे आपण सगळे हेच करतो.

'हे' लिहायची सोय कुणी केलीच नाही असं नाही. 1984 च्या मॅकिंटॉशमध्ये प्रत्येक फाइलला चार-चार अक्षरांचे दोन शिक्के असत, एक प्रकाराचा आणि दुसरा तिला जन्म देणाऱ्या प्रोग्रॅमचा. त्यामुळे मजकुराच्या दोन फाइली शेजारी शेजारी असूनही डबल क्लिकवर आपापल्या माहेरी जात. मला ही रचना अजूनही देखणी वाटते. पण फाइल दुसऱ्या प्रणालीत किंवा ईमेलमधून गेली की शिक्के वाटेत गळून पडत, आणि पुढे इंटरनेटच्या जगात आडनावच चाललं. 2009 च्या स्नो लेपर्ड या मॅकच्या आवृत्तीपासून तर फाइल उघडताना ॲपलनेच तो जन्मदात्याचा शिक्का बघणं सोडलं.

विंडोजवाल्यांनी हसू नये. त्यांची वही म्हणजे रजिस्ट्री. तिच्यात फोल्डरच्या नावे एक जागा आहे आणि तिथे 'नन' असा शब्द असावा लागतो, म्हणजे या यादीतलं कुणीच आपोआप पुढे येऊ नये. एक्सपीच्या काळात फोल्डरच्या मेनूत स्वतःची एखादी सोय जोडायला जावं, तर तो शब्द बदलून बसे आणि मग प्रत्येक फोल्डरवर डबल क्लिक केलं की 'शोधा'ची खिडकी उघडे. प्रोग्रॅमनी परस्पर स्वतःची नावं चढवू नयेत म्हणून विंडोज 8 पासून, कोणती फाइल कशाने उघडायची या वापरणाऱ्याच्या निवडीला एक गणिती मोहोरही लावली जाते.

आत्याने ती ओळ पुसली आणि फाइल सेव्ह केली. लाइटबिलं पुन्हा लाइटबिलांसारखी उघडली. मला वाटलं, झालं.

"आणि माझा तानपुरा? सकाळी सातला मुली येतात. मला एका क्लिकमध्ये तो लागायला हवा."

मग प्लेअरमधूनच तानपुऱ्याची यादी एमथ्रीयू प्रकारच्या फाइलमध्ये साठवून घेतली. तिच्यातही आवाज नसतो, कुठली गाणी कुठे आहेत एवढ्या ओळी, म्हणजे पुन्हा हजेरीपटच. पण हिला स्वतःचं आडनाव आहे, त्यामुळे वहीत हिची ओळ वेगळी आणि तिच्यासमोर प्लेअरचं नाव असलं तरी बिघडत नाही. आत्याने तिला 'काळी पाच' असं नाव दिलं आणि लाइटबिलांच्या शेजारी डेस्कटॉपवर आणून ठेवलं. डबल क्लिक केल्याचं मला फोनवर कळलंच, कारण तानपुरा सुरू झाला आणि ती बोलायची थांबली.