किंमत ठरवणारा दारी येतो तेव्हा

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' असे आपले पूर्वज सांगून गेले. आज ते असते तर त्यांनी यात तिसरी गोष्ट जोडली असती : घराची किंमत ठरवून घेणे. कर्जासाठी घर तारण ठेवायचे असो, भावाभावांत वाटणी व्हायची असो, वा वडिलोपार्जित घर विकून प्राप्तिकराचा हिशेब करायचा असो, एके दिवशी हातात टेप घेतलेला परका मनुष्य आपल्या दारात उभा राहतो. त्याला आपण व्हॅल्युअर म्हणतो. येथे मूल्यमापक म्हणू. तो घरात थोडाच वेळ असतो; पण त्याच्या अहवालातील एका आकड्यावर कोणाचे कर्ज अडते, तर कोणाच्या घरात अबोला धरला जातो. म्हणून तो येण्यापूर्वी गृहस्थाने काय करावे आणि काय करू नये, एवढाच आजचा विषय आहे.

बहुतेक घरांत पहिली धावपळ होते ती रंगाची. भिंती उजळतात, नवे पडदे लागतात, ओल आलेल्या कोपऱ्यापुढे कपाट सरकवले जाते. हा सारा खटाटोप व्यर्थ आहे. कारण मूल्यमापकाचा हिशेब वेगळाच असतो. स्वतंत्र घर असेल तर तो जमीन आणि इमारत निरनिराळी धरतो. जमिनीची किंमत आसपासच्या अलीकडच्या व्यवहारांवरून निघते. इमारतीसाठी, तेवढेच बांधकाम आज करायला किती खर्च येईल ते काढून त्यातून घसारा वजा होतो.

एक उदाहरण घेऊ. बांधकामाचा आजचा खर्च ३० लाख रुपये, इमारतीचे आयुष्य ६० वर्षे, वय ३० वर्षे, आणि शेवटी मोडीची किंमत १० टक्के धरली. म्हणजे ९० टक्क्यांपैकी निम्मे, ४५ टक्के, झिजून गेले. राहिले साडेसोळा लाख. आता गच्चीतून पाणी मुरून स्लॅबच्या सळया गंजल्या असतील, आणि इमारत आणखी १५च वर्षे टिकेल असे त्याचे मत झाले, तर एकूण आयुष्य ४५ वर्षांचे होते. मग घसारा ६० टक्के आणि उरले १२ लाख. गच्चीच्या गळतीने साडेचार लाख नेले! या हिशेबात रंगाला जागा कोठे आहे? तेव्हा हाताशी थोडे पैसे असतील तर ते गच्चीला लावा, भिंतीला नको. आणि गळती दुरुस्त झाली असेल तर तसे सांगून पावती दाखवा. ताज्या रंगाखालची ओल अनुभवी माणसाला फार काळ फसवीत नाही. आणि एकदा संशय आला म्हणजे तो धडधाकट भिंतीकडेही त्याच नजरेने पाहू लागतो.

सदनिकेची किंमत मुख्यतः तुलनेने ठरते, आणि तेथे घोटाळा होतो तो क्षेत्रफळाचा. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणे चटई क्षेत्रात आतल्या विभाजक भिंती येतात. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी येत नाहीत. जुन्या करारांत मात्र पुष्कळदा बिल्टअप वा सुपर बिल्टअप क्षेत्र लिहिलेले असते. आपल्या करारातील आकडा कोणता, हे आधीच वाचून ठेवावे.

खरी तयारी कागदांची. खरेदीखत, सूची क्रमांक दोन, मिळकत पत्रिका, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, घरपट्टीची पावती, आणि सोसायटी असेल तर भाग दाखला, हे एका पिशवीत असावे. मग नकाशा हातात घेऊन स्वतःच घरभर हिंडावे. बाल्कनी बंद करून केलेली खोली नकाशात आहे काय? गच्चीवरची शेड आहे काय? नसेल तर बँकेच्या मूल्यांकनात ती बहुधा धरली जाणार नाही, हे समजूनच कर्जाचे मनोरथ रचावेत. मिळकत पत्रिकेवर दिवंगत वडिलांचेच नाव असेल तर वारस नोंदीचा अर्ज आधी करावा. त्याने किंमत वाढणार नाही. पण पुढचे काम अडणार नाही. जुन्या वाड्यात संरक्षित भाडेकरू असतील तर तेही सांगावे. अशा वाड्याला रिकाम्या वाड्याची किंमत येत नाही.

आणखी एक गैरसमज. सरकारी वार्षिक मूल्यदर तक्ता, ज्याला आपण रेडी रेकनर म्हणतो, तो मुद्रांक शुल्कासाठी आहे. बाजारभाव त्याहून वर असू शकतो, खालीही. तसेच किंमत कोणत्या तारखेची हवी तेही सांगावे लागते. १ एप्रिल २००१ पूर्वी घेतलेल्या घरासाठी प्राप्तिकराच्या हिशेबात त्या दिवशीची किंमत धरता येते. तेथे आजचा भाव काय कामाचा?

प्रत्यक्ष पाहणीच्या दिवशी प्रत्येक खोलीचे कुलूप उघडे असावे. माळ्याची शिडी, गच्चीची किल्ली, पाण्याची टाकी, चारी बाजूंच्या हद्दी, सारे दाखवता यावे. बांधकामाचे साल आणि मोठ्या दुरुस्त्या एका कागदावर लिहून द्याव्यात. वाटणीसाठी पाहणी असेल तर सर्व हिस्सेदारांना बोलवावे. जो हजर नव्हता, त्याला पुढे आकडा खोटा वाटतो. चहा जरूर द्यावा, पण 'एवढी किंमत लावा' असे सांगू नये. शेजारच्या घराचा नोंदलेला व्यवहार माहीत असेल तर त्याचा कागद पुढे ठेवावा. अहवालात वय किंवा क्षेत्रफळ चुकले असेल तर पुरावा देऊन दुरुस्ती मागावी. तो आपला हक्क आहे; रुपये वाढवून मागणे हा नव्हे.

शेवटी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. ज्या ओसरीवर आजोबा बसत, ज्या खोलीत मुले वाढली, तिचा त्या अहवालात एक ओळही उल्लेख नसतो. पुष्कळांना याचे वाईट वाटते, आणि त्या वाईट वाटण्यातूनच आकड्यावर भांडणे सुरू होतात. मूल्यमापक किंमत सांगतो. घराचे मोल सांगण्याचे काम आपण त्याला दिलेलेच नसते. एवढे ओळखून दार उघडले, तर त्याचे काम नीट होते आणि घरातील माणसेही एकमेकांशी बोलती राहतात.