मांजर पलंगाखालीं धांवलें

‘मांजर पलंगाखालीं धांवलें’ हें वाक्य घ्या. मांजर बाहेरून येऊन पलंगाखालीं शिरलें, कीं पलंगाखालींच इकडून तिकडे धांवलें? वाक्य तें सांगत नाहीं. आपण प्रसंगावरून ताडतों. वॉर्सा येथील नेत्रवैद्य डॉ. झामेनहोफ यांनीं १८८७ सालीं प्रसिद्ध केलेल्या एस्पेरान्तो या रचलेल्या भाषेंत हा संशय एका अक्षरानें मिटतो.

त्या भाषेंत ‘जाणें’ म्हणजे ‘इरी’. वर्तमानकाळीं ‘इरास’, भूतकाळीं ‘इरीस’, भविष्यकाळीं ‘इरोस’. मुलगा जावो, मुलगी जावो, सारा गांव जावो, रूप तेंच. ‘जाणें’चें ‘गेला’ कसें झालें, हें परभाषी विद्यार्थ्यास समजावितांना होणारी आमची तारांबळ तेथें नाहीं !

आतां आपलें मांजर. ‘ला कातो कूरीस सुब ला लीतो’ म्हटलें कीं तें पलंगाखालींच धांवत होतें. ‘लीतो’च्या जागीं ‘लीतोन्’ म्हणा, कीं तें बाहेरून आंत शिरलें. हा ‘न्’ एरव्हीं कर्माचा प्रत्यय. कर्माचा प्रत्यय दिशेला कां, असें कोणी विचारील. परंतु ‘ग्रामं गच्छति’ शिकलेल्यास त्यांत नवल वाटूं नये. पाणिनीनें तेथें द्वितीयेबरोबर चतुर्थीहि मान्य केली आहे. झामेनहोफ यांनीं एकीवरच भागविलें. मात्र ‘आल’ म्हणजे ‘कडे’, ‘एल’ म्हणजे ‘आंतून’, अशा शब्दांत दिशा मूळचीच असल्यामुळें त्यांच्यापुढें ‘न्’ लागत नाहीं. हेच शब्द उपसर्गांसारखे क्रियापदाला जोडतां येतात: ‘एनिरी’ म्हणजे आंत जाणें, ‘एलिरी’ म्हणजे बाहेर पडणें. संस्कृत ‘निर्गच्छति’ची आठवण व्हावी अशीच ही रचना.

या ‘न्’वर वादहि पुष्कळ झाला. ज्यांच्या मातृभाषेंत असा प्रत्यय नाहीं, त्यांना तो जाचतो. १८९४ सालीं खुद्द झामेनहोफ यांनीं तो गाळण्याची सूचना इतर सुधारणांसह मतास टाकली. अनुयायांच्या बहुमतानें ती फेटाळली. १९०७ नंतर पुढें आलेल्या ‘इदो’ भाषेनें दिशेचा ‘न्’ काढला खरा, पण मग ‘एन’च्या मागें ‘आद’ जोडून ‘आदेन’ असा निराळा शब्द करावा लागला. भेद दाखविण्याची गरज टळली नाहीं ती नाहींच. माझ्या मतें जुनी युक्तिच अधिक काटकसरीची.

एका ठिकाणीं मात्र मराठी माणूस अडखळेल. निरोप घेतांना आपण ‘येतों’ म्हणतों. एस्पेरान्तोंत ‘वेनी’ म्हणजे येऊन पोंचणें. दारांतून बाहेर पडतांना ‘मी वेनास’ म्हणाल, तर यजमान तुमच्याकडे पाहात राहील. तेथें ‘जिस ला रेवीदो’, म्हणजे पुन्हां भेटेपर्यंत, असें म्हणावें.