ग्लीसन 6 म्हणजे किती?

बायॉप्सीचा अहवाल हातात पडतो, पण डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली असते. मग घरचे झोपल्यावर प्रोस्टेटच्या कर्करोगाचा रुग्ण मोबाइलवर शोधू लागतो. त्यात त्याचं काही चुकतं असं मला वाटत नाही. लघवीवरचा ताबा, लैंगिक संबंध हे विषय दवाखान्यात मुलासमोर काढायला जीभ रेटत नाही.

अडचण आहे ती तिथे काय सापडतं याची. अमेरिकेतल्या संशोधकांनी या आजारावरचे यूट्यूबवरचे 150 व्हिडिओ तपासले. 77 टक्क्यांमध्ये, व्हिडिओत किंवा त्याखालच्या प्रतिक्रियांत, दिशाभूल करणारा किंवा एकांगी मजकूर निघाला. शास्त्रीय दर्जा जितका कमी, तितका प्रेक्षकांचा प्रतिसाद जास्त, हे तर फारच काळजीचं.

खरी माहितीसुद्धा एकट्याने वाचली तर घाबरवते. बायॉप्सीतल्या पेशी किती आक्रमक दिसतात हे सांगणारा ‘ग्लीसन 6’ हा आकडाच घ्या. दहापैकी सहा, म्हणजे आजार निम्म्याच्या वर गेला, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात बायॉप्सीत कर्करोगाला आज दिला जाणारा सर्वांत कमी गुणांक सहाच असतो. हा गोंधळ टाळायला 1 ते 5 अशी नवी गटवारी आली. ग्लीसन 6 तिथे गट 1 ठरतो. अशा बहुतेकांना लगेच शस्त्रक्रिया लागत नाही, ठरावीक काळाने पीएसए ही रक्ततपासणी आणि इतर तपासण्या करत आजारावर नजर ठेवता येते.

ब्रिटनमधल्या ‘प्रोटेक्ट’ चाचणीत ग्रंथीपुरताच आजार असलेले 1,643 पुरुष होते. सुमारे 15 वर्षांत या कर्करोगाने त्यांच्यापैकी 45 जण दगावले. नजर ठेवली, शस्त्रक्रिया केली की किरणोपचार दिले, यावरून त्या आकड्यात लक्षणीय फरक पडला नाही.