द्विमितीय खेळांतील दीपयोजना : बेरीज आणि गुणाकार

हौसेने संगणकीय खेळ रचणाऱ्या मंडळींत द्विमितीय भूमिकाप्रधान खेळ हा प्रकार विशेष आवडीचा आहे. लहान चौकोनी तुकडे, म्हणजे टाइल्स, जुळवून केलेला नकाशा, त्यावरून हिंडणारा एक नायक, काही गावे, काही गुहा आणि भेटणाऱ्या पात्रांशी होणारे संवाद, एवढ्या सामग्रीवर एकटा मनुष्यही असा खेळ पुरा करू शकतो. जपानमध्ये २००४ साली निघालेल्या 'आरपीजी मेकर एक्सपी' ह्या साधनाने रचलेला कॅन गाओ यांचा 'टू द मून' (२०११) हा खेळ पुष्कळांस ठाऊक असेल. अशा रचनाकारास कधी ना कधी गुहेत काळोख करून नायकाच्या हाती कंदील द्यावासा वाटतो. आणि बहुधा येथेच त्याच्या चित्राची हानी होते. कंदील लावताच भिंत, दगड आणि जमीन ही सारी एकाच पिवळट धुक्याखाली जातात, आणि महिनेच्या महिने खपून रंगविलेले तुकडे ओळखू येईनासे होतात. हा दोष रंगांच्या निवडीचा नव्हे, अंकगणिताचा आहे. तो नेमका कोठे शिरतो हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

द्विमितीय खेळात मुळी प्रकाश नसतोच. चित्रकाराने जे रंगविले तेच पडद्यावर येते. प्रत्येक बिंदूचे तांबडा, हिरवा व निळा असे तीन अंक असतात आणि ते ० पासून २५५ पर्यंत जातात. 'प्रकाश पाडणे' म्हणजे ह्या अंकांत फेरफार करणे, एवढेच. मग तो फेरफार कोणता असावा? ह्याचे उत्तर निसर्गात शोधावे लागते. कोणताही पदार्थ त्यावर पडलेल्या प्रकाशाचा एक ठराविक अंश परत पाठवितो. कोळसा उन्हातही थोडाच अंश परत देतो आणि दिव्याखालीही थोडाच. म्हणून दिसणारा रंग हा पदार्थाचा अंश आणि पडलेला प्रकाश ह्यांचा गुणाकार असतो. उलट एकाच जागी दोन दिव्यांचा उजेड पोहोचला तर त्या दोन उजेडांची बेरीज होते. दिव्यांची आपसांत बेरीज आणि त्या बेरजेचा चित्राशी गुणाकार, हा क्रम येथे महत्त्वाचा आहे. नवशिका रचनाकार दिवा चित्रातच मिळवितो, आणि तेथेच सारे बिघडते.

एक उदाहरण घेऊ. मातीच्या भिंतीवरील एका बिंदूचे अंक १८०, १२०, ८० असे आहेत. शेजारी एक काळा दगड असून त्याचे तिन्ही अंक २० आहेत. रात्री सर्वत्र पसरलेला मंद उजेड ४०, ५०, ९० असा धरू. २५५ म्हणजे पूर्ण उजेड. ह्या उजेडाने गुणून २५५ ने भागले असता भिंत २८, २४, २८ होते आणि दगड ३, ४, ७ होतो. भिंतीचा तांबूसपणा रात्री आपोआप मावळला, त्यासाठी वेगळे रंगकाम करावे लागले नाही. आता तेथे कंदिलाचा १२०, ८५, ४० एवढा उजेड पोहोचला असे समजू. तो रात्रीच्या चित्रात नुसता मिळविला तर भिंत १४८, १०९, ६८ आणि दगड १२३, ८९, ४७ होतो. काळा दगड तपकिरी झाला! योग्य क्रमाने प्रथम उजेडांची बेरीज केली तर ती १६०, १३५, १३० येते. तिने मूळ चित्रास गुणले असता भिंत ११३, ६४, ४१ आणि दगड १३, ११, १० होतो. मूळ चित्रात भिंतीचा तांबडा अंक दगडाच्या नऊपट होता. गुणाकाराने ते प्रमाण जवळजवळ तसेच राहिले, बेरजेने ते सव्वापटीच्याही खाली आले. चित्रातील ओळख ह्या प्रमाणावर अवलंबून असल्यामुळे खेळणाऱ्यास वाट आणि खड्डा ह्यांतील भेद दिसेनासा होतो, आणि हे नुसत्या शोभेचे नुकसान नव्हे.

ही चूक इतकी रूढ का, ह्याला काही अंशी साधनांचा इतिहास कारण आहे. १९९० साली आलेल्या निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉम यंत्रात दोन थरांतील रंगांची बेरीज, वजाबाकी आणि निम्मे करणे एवढ्या क्रियांची सोय होती; गुणाकाराची नव्हती. वर उल्लेखिलेल्या 'एक्सपी'मध्येही चित्राच्या मिश्रणाचे साधे, बेरजेचे व वजाबाकीचे असे तीनच प्रकार आहेत. काळोखासाठी वजाबाकी वापरावी तर १५० वजा करताच १५० खालचे सारे अंक शून्य होतात, आणि सावलीतील बारकावे एका काळ्या डागात बुडतात. २०१५ च्या 'आरपीजी मेकर एमव्ही'मध्ये 'रात्र' म्हणून जी तयार रंगछटा दिली आहे तीही तांबड्या व हिरव्या अंकांतून प्रत्येकी ६८ वजा करते आणि चित्र काहीसे करड्याकडे झुकविते. घाईच्या वेळी ती बरी. परंतु ती साऱ्या पडद्यावर सारखी पसरते, तिच्यात कंदिलासाठी भोक पाडता येत नाही. गुणाकाराचे मिश्रण मात्र ह्याच साधनात चित्रांकरिता उपलब्ध आहे.

त्याचा उपयोग असा करावा. पडद्याएवढा एक कोरा पट घ्यावा. त्यास आपण प्रकाशपट म्हणू. प्रथम तो रात्रीच्या मंद उजेडाच्या रंगाने भरावा. मग प्रत्येक दिव्याचे मऊ वर्तुळ त्यावर बेरजेने काढावे आणि अखेरीस हा संपूर्ण पट नकाशावर गुणाकाराने ठेवावा. ज्योत, पेटलेली खिडकी, काजवा अशा स्वयंप्रकाशी वस्तू त्यानंतर बेरजेने काढाव्यात, कारण त्या दुसऱ्याचा उजेड परत देत नसून स्वतःचा देतात. संवादाची चौकट सर्वांत शेवटी. नाहीतर अंधारात अक्षरेही बुडतात. 'गोडॉट' ह्या साधनात हीच मांडणी अंगभूत आहे. पटाने चित्र मूळ रंगांपेक्षा उजळ होऊ शकत नाही, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. यास्तव टाइल्स भर दिवसाच्या उजेडातल्या म्हणूनच रंगवाव्यात.

पटावरील बेरजेतही दोन अडचणी आहेत. पहिली मर्यादेची. दोन दिव्यांचे २००-२०० मिळून ४०० होतात, ते २५५ वर छाटले जातात आणि दोन वर्तुळांच्या छेदात एक सपाट, कडा असलेला डाग उमटतो. त्याऐवजी २५५ पर्यंतच्या उणिवांचा गुणाकार करावा. ५५ गुणिले ५५ भागिले २५५ म्हणजे सुमारे १२. ते २५५ मधून वजा करता २४३ येतात. हे पदार्थविज्ञान नव्हे, सोय आहे. दुसरी अडचण सूक्ष्म आहे. पडद्याचे अंक उजेडाच्या थेट प्रमाणात नसतात. उजेड हा अंकाच्या अदमासे २.२ ह्या घाताने वाढतो. म्हणून १०० आणि १०० मिळून २०० केले तर उजेड दुप्पट न होता साडेचारपट होतो. दुप्पट व्हावयास सुमारे १३७ पुरे. गुणाकाराला हा दोष जवळजवळ लागत नाही, कारण गुणाकाराचा घात हा घातांचाच गुणाकार असतो. काटेकोर काम हवे असेल तर दिव्यांची बेरीज घात काढून करावी आणि मग उत्तर परत अंकांत आणावे. वरील उदाहरणात, गणित सुटसुटीत राहावे म्हणून, आम्ही ही पायरी सोडली आहे.

दिव्याच्या वर्तुळाविषयी थोडे. अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात उजेड कमी होतो हा नियम येथे तसाच्या तसा चालत नाही. त्यात उजेड कोठेच शून्य होत नाही आणि केंद्राशी तो अमर्याद वाढतो. नवशिके मग सरळ रेषेत उतरणारा उजेड घेतात, आणि वर्तुळाच्या काठी एक कडे असल्याचा भास होतो. एर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्ये वर्णिलेल्या पट्ट्यांचाच हा प्रकार होय. उजेडाचा उतार जेथे एकाएकी मोडतो तेथे डोळा नसलेली रेघ पाहतो. अंतरास त्रिज्येने भागून त्याचा वर्ग करावा, तो १ मधून वजा करावा आणि उत्तराचा पुन्हा वर्ग घ्यावा. म्हणजे काठाशी उजेड आणि उतार दोन्ही शून्य होतात व कडे दिसत नाही.

सर्वांत अवघड भाग भिंतींचा आहे, आणि तो गणिताने पुरता सुटत नाही. ह्या खेळांत नकाशा तिरप्या दृष्टीने काढतात. जमीन वरून दिसते, पण भिंतीचा दर्शनी भाग समोरून दिसतो. त्यामुळे पडद्यावरची 'वर' ही दिशा कधी दूरपणा असते तर कधी उंची. भिंतीच्या मागच्या खोलीत दिवा असेल तर त्याचे वर्तुळ भिंतीच्या पुढच्या अंगावर ओघळते, आणि बंद खोलीतील उजेड बाहेर आल्यासारखा दिसतो. भिंतीच्या तुकड्यांवर ती कोठे जमिनीस टेकते ती रेषा नोंदवावी. दिवा त्या रेषेच्या मागे असेल तर त्या तुकड्यांवर त्याचा उजेड धरू नये. हे काम प्रत्येक नकाशासाठी हातानेच करावे लागते. शिवाय टाइल्समध्ये डाव्या अंगाने ऊन पडल्यासारख्या सावल्या आधीच रंगविलेल्या असतील तर उजवीकडचा कंदील त्या पुसू शकत नाही. त्या फिक्या कराव्यात किंवा वेगळ्या थरात काढाव्यात.

काळोख किती ठेवावा ह्याचा निर्णय मात्र रचनाकाराचाच. 'वनशॉट' ह्या खेळात (प्रथम २०१४, विस्तारित रूपात २०१६) नायक निको त्या जगाचा सूर्य असलेला विजेचा दिवा हातात घेऊन फिरतो. तेथे अंधार हा कथेचाच विषय आहे. इतरत्र, रात्रीच्या भिंतीचे आपले २८, २४, २८ हे अंक रचनाकाराच्या अंधाऱ्या खोलीत नीट दिसतात. दुपारी खिडकीपाशी ठेवलेल्या स्वस्त लॅपटॉपवर मात्र ते निव्वळ काळे दिसण्याचा संभव असतो. खेळ बाहेर देण्यापूर्वी अशा एका यंत्रावर गुहेतून एकदा चालून पाहावे, आणि वाट सापडत नसेल तर टाइल्सना हात न लावता पटाचा मूळ रंग थोडा वर न्यावा.