किमोनंतर ताप आला तर सकाळची वाट का पाहू नये?

समजा, बार्शीटाकळीतल्या एका घरात आईची किमो चालू आहे. नऊ दिवसांपूर्वी अकोल्याला सलाईनमधून औषध देऊन आणलं. मळमळ थांबली, थोडं जेवणही जाऊ लागलं. आणि रात्री अकरा वाजता अंग तापलं. घरातलं कुणीतरी म्हणतं, "ऊन बाधलं असेल, क्रोसिन दे, सकाळी बघू." एरवी हा सल्ला चालून जातो. किमो चालू असताना मात्र तो जिवावर बेतू शकतो.

नेमकं काय घडतं?

किमोची औषधं झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना मारतात. कॅन्सरच्या पेशी तशा असतात, पण हाडांच्या मगजात तयार होणाऱ्या रक्तपेशीही तशाच असतात. पांढऱ्या पेशींमधल्या न्यूट्रोफिल या पेशी जंतूंशी सर्वात आधी लढतात. त्यांचं आयुष्य फार थोडं असतं. नवा पुरवठा थांबला की त्या लगेच घटतात. बऱ्याच औषधांत किमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत त्या सर्वात खाली जातात आणि तीन-चार आठवड्यांत पुन्हा भरून येतात. म्हणजे "आता बरं वाटतंय" असं वाटतं, तेच दिवस सर्वात जपायचे असतात.

सीबीसी रिपोर्ट कसा वाचायचा?

एकूण पांढऱ्या पेशींचा आकडा घ्या आणि त्यातले न्यूट्रोफिल किती टक्के ते पाहा. एकूण २,००० आणि न्यूट्रोफिल २० टक्के असतील, तर प्रत्यक्षात न्यूट्रोफिल ४०० झाले. निरोगी माणसात हा आकडा साधारण १,५०० च्या वर असतो. ५०० च्या खाली गेला तर धोका गंभीर समजतात.

पेशी घटू नयेत म्हणून काय करतात?

फिलग्रास्टिम नावाचं इंजेक्शन मगजाला न्यूट्रोफिल लवकर बनवायला लावतं. अमेरिकेत त्याला १९९१ मध्ये मान्यता मिळाली. आज भारतीय कंपन्याही ते बनवतात. ते काही दिवस रोज घ्यावं लागतं. पेगफिलग्रास्टिम हा त्याचा लांब टिकणारा प्रकार, तो एका किमोमागे एकदाच पुरतो. सगळ्यांनाच हे लागत नाही. निवडलेल्या किमोमुळे तापाचा धोका २० टक्के किंवा जास्त असेल तर ते पहिल्यापासून देतात. धोका त्याहून कमी असला तरी वय ६५ च्या पुढे असेल किंवा मागच्या खेपेला असा ताप आला असेल, तर डॉक्टर त्याचा विचार करतात.

किमो संपल्यावर किमान २४ तास जाऊ द्यावे लागतात. नाहीतर नव्याने वाढू लागलेल्या पेशीच औषधाच्या तडाख्यात सापडतात. म्हणजे पेशंट घरी आल्यावर इंजेक्शनची वेळ येते. ते २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा साध्या पिशवीतून आणू नका. थर्मासमध्ये बर्फ घ्या, पण इंजेक्शन बर्फाला टेकू देऊ नका, गोठलं तर ते खराब होतं. गावात ते कोण टोचणार हे आधीच ठरवा. नंतर एक-दोन दिवस हाडं दुखू शकतात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किमोथेरपी येते. हे इंजेक्शन त्यात बसतं का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

घरी काय पाळायचं?

- जेवणाआधी आणि शौचानंतर साबणाने हात धुवा. पेशंटने आणि घरातल्या सगळ्यांनीही.
- मऊ ब्रश वापरा, दिवसातून काही वेळा मिठाच्या कोमट पाण्याने चूळ भरा.
- ताजं शिजवलेलं खा. भाकरी, वरण, भाजी उत्तम. फळं नीट धुऊन चालतात. न उकळलेलं दूध, उघड्यावरचा उसाचा रस आणि बाहेरचा बर्फ नको.
- गोठा, शेणखत आणि मातीकाम यांपासून दूर राहा.
- सर्दी-खोकला असलेल्या पाहुण्यांना प्रेमाने फोनवरच भेटा.
- गुळवेल किंवा पपईच्या पानांचा रस डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. या इंजेक्शनची जागा ते घेत नाहीत.

ताप आला तर

घरात थर्मामीटर हवाच. हात लावून अंदाज बांधू नका, विशेषतः उन्हाळ्यात. तोंडात किंवा काखेत ताप मोजा, गुदद्वारातून नको. पारा १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला, तर रात्र असो की दिवस, डॉक्टरांना फोन करा आणि निघा. आधी पॅरासिटामॉल देऊ नका. त्याने पारा उतरतो, जंतू तसेच वाढत राहतात. ताप नसतानाही हुडहुडी भरली, दम लागला किंवा पेशंट बरळू लागला तरी थांबू नका. स्टेरॉइड चालू असेल तर ताप चढतही नाही.

बार्शीटाकळीहून अकोला साधारण वीस किलोमीटर. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. दवाखान्यात पोहोचताच पहिलं वाक्य हेच बोला: "किमो चालू आहे, ताप आलाय." सोबत फाईल ठेवा. अशा पेशंटला पहिल्या तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक मिळणं महत्त्वाचं असतं. जंतूंशी लढणाऱ्या पेशीच कमी असल्याने पू किंवा सूज दिसत नाही. अनेकदा ताप ही एकच खूण असते.

किमोची तारीख, डॉक्टरांचा नंबर आणि १००.४ हा आकडा आजच एका कागदावर लिहून भिंतीला लावा. रात्री अकरा वाजता कुणाला काही आठवत नाही.